रत्नाबाईंचा तळमजला

हेमलता सुपनेकरच्या दारावर कसलीही पाटी नव्हती आणि तिनं कधी कार्डंही छापली नाहीत. तरी १९९३ ते ९९ या सहा वर्षांत दक्षिण बंगळूरमधल्या पन्नास-साठ डॉक्टरांना दवाखान्याची जागा तिनंच शोधून दिली. डॉक्टर मंडळी तिला हेमाक्का म्हणत. ती स्वतःला दलाल म्हणवून घेत नसे. काय करता, असं कुणी विचारलंच तर "डॉक्टरांना जागा बघून देते" एवढंच सांगायची, आणि पुढचा प्रश्न येण्याआधी छत्री उचलून निघायची.

तिचे वडील कराडजवळच्या सुपन्याचे. बावन्न साली विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून आले, फोरमन होऊन निवृत्त झाले आणि हनुमंतनगरात दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. आई लवकर गेली. थोरला भाऊ हरी इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागला, तिथलाच झाला. हेमलता बाविसाव्या वर्षी बसवनगुडीतल्या डॉ. कृष्णमूर्तींच्या दवाखान्यात लागली. रोग्यांची नावं लिहायची, आत सोडायचं, औषधाच्या पुड्या बांधायच्या. स्थळं यायच्या वयात घरात स्वयंपाकाला दुसरं कुणी नव्हतं, आणि पुढे वडिलांची एक बाजू लुळी पडल्यावर स्थळं यायचीच थांबली. अकरा वर्षं तिनं त्यांचं अंथरुणात केलं. सकाळी त्यांना भरवून दवाखान्यात जायचं, दुपारी येऊन कूस बदलायची, पुन्हा जायचं. एक्क्याण्णव साली ते गेले. त्यांनी अर्ज केलेला टेलिफोन ते गेल्यावर सात महिन्यांनी घरात आला.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये डॉ. कृष्णमूर्तींचा हात कापायला लागला आणि त्यांनी दवाखाना बंद केला. शेवटच्या दिवशी तिनं बाकं पुसली, रोग्यांची जुनी वही डॉक्टरांच्या हवाली केली आणि घरी येऊन दुपारी झोपली. बावीस वर्षांत कामाच्या दिवशी ती दुपारी झोपल्याचं हे पहिलंच. जाग आली तेव्हा आता उठून कुठे जायचं, हे तिला कळेना.

मे महिन्यात डॉ. जयतीर्थांचा फोन आला. हे कान-नाक-घशाचे डॉक्टर गांधीबाजाराजवळच्या एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सोळा वर्षं बसत होते. मालकानं घर पाडून तिथे कॉम्प्लेक्स उठवायचं ठरवलं होतं. जयतीर्थांना हवी होती कृष्णमूर्तींची रिकामी झालेली जागा, पण ती मालकानं आधीच पुतण्याला झेरॉक्सच्या दुकानासाठी देऊन टाकली होती. हेमलतानं एवढं सांगून फोन ठेवायला हरकत नव्हती. पण बघते म्हणाली. आठ दिवस ती उन्हातून गल्ल्या धुंडत हिंडली, ओळखीच्या रोग्यांची दारं वाजवली आणि एका निवृत्त मास्तरांच्या घराचा पुढचा भाग डॉक्टरांना मिळवून दिला. जयतीर्थांनी पाकीट पुढे केलं तेव्हा ती इतकी संकोचली, की ते त्यांना टेबलावर ठेवावं लागलं.

पुढे फोन येतच राहिले. गावभर जुनी घरं पडत होती. रिकाम्या घरांना कॉम्प्युटरच्या कंपन्या डॉक्टरांच्या दुप्पट भाडं द्यायला तयार होत्या. त्यामुळे पंधरा-वीस वर्षं एका ओसरीवर बसलेले डॉक्टर हवालदिल झाले होते. त्यांना काय लागतं, हे हेमलताइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं तिनं रोग्यांना बसताना, उठताना, पायऱ्या चढताना पाहिलं होतं. हाडांच्या डॉक्टरला वरचा मजला चालत नाही. दातांच्या डॉक्टरला सांडपाण्याची वेगळी वाट लागते, आणि कावेरीचं पाणी दिवसाआड येत असल्यानं जमिनीखाली मोठी टाकी लागते. त्वचेच्या रोग्याला बाजारानं पाहिलेलं नको असतं, म्हणून त्याचं दार बाजूनं हवं. एका मनोविकारतज्ज्ञासाठी तर तिनं असं घर शोधलं होतं, की आत जाणारा आणि बाहेर येणारा एकमेकांच्या समोर येऊ नयेत.

काळ कसा पालटतोय, हेही तिला डॉक्टरांच्या मागण्यांवरून कळे. सुरुवातीला ते म्हणत, एक खोली आणि बाहेर बाकापुरती ओसरी असली की पुरे. दोन वर्षांनी मोटारी लावायला जागा मागू लागले. मग लिफ्ट, मग जनरेटर. मग तरुण डॉक्टर विचारू लागले, की एकाच इमारतीत आम्हा सहा जणांना मजला मिळेल का, खाली औषधाचं दुकान आणि रक्त तपासायची सोय असेल का. तिनं तेही जमवलं.

जागा देऊन झाली की काम संपलं, असं व्हायला हवं होतं. पण महिन्या-दोन महिन्यांनी ती त्या त्या दवाखान्यात डोकवायची. पाणी नीट येतंय का, मालक त्रास देत नाही ना, हे विचारायला. डॉक्टर आत रोग्यात असत, म्हणून ती बाकावर बसे. शेजारची बाई आपल्या सुनेचं सांगे, कुणी म्हातारा खोकत गावाकडच्या पावसापाण्याचं बोले. अर्धा-पाऊण तास जाई. एकदा जयनगरच्या एका नव्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं तिला हटकलं. टोकन नंबर किती, म्हणून विचारलं. मी रोगी नाही, हेमलता म्हणाली. मग कुणाबरोबर आलात, मुलीनं विचारलं. ती उठली आणि त्या दवाखान्यात पुन्हा गेली नाही.

घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. दूधवाला, भाजीवाली, शेजारी, डॉक्टर, सगळं कानडीत. रविवारी हरीचा फोन येई. तो मुलांच्या परीक्षांबद्दल सांगे, तब्येत विचारी, आणि पाच-सहा मिनिटांत बोलणं आटपे. ते सोडलं तर आठवडा-आठवडा तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नसे. ती देवापुढे दिवा लावताना वडिलांच्या फोटोशी मोठ्यानं बोलायची, तेही मग कधीतरी थांबलं.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात, बसवनगुडीतली शेंगदाण्यांची जत्रा नुकतीच उलगली होती, तेव्हा रत्नाबाई मांडवगणे यांचा फोन आला. बाई मोडक्या कानडीत सांगत होत्या, की तळमजला डॉक्टरला भाड्यानं द्यायचा आहे. "मनी" म्हणजे घर, हे त्यांना येत होतं, पुढचं वाक्य काही जुळेना.

"काकू, मराठीत सांगा," हेमलता म्हणाली.

"अगं बाई," रत्नाबाई म्हणाल्या. " मग आत्ताच ये की."

घर बुल टेंपल रस्त्याच्या आतल्या गल्लीत होतं. रत्नाबाईंचे यजमान त्रिविक्रमराव धातुशास्त्राचे संशोधक होते, अहमदनगरहून इथल्या विज्ञान संस्थेत आलेले. एकोणनव्वद साली ते वारले. मुलगा श्रीरंग पुण्याला कारखान्यात होता. आई एकटी असते, खाली कुणीतरी डॉक्टर असला की बरं, दिवसभर माणसांची ये-जा राहील आणि अडीनडीला मदतही होईल, असं त्यानंच सुचवलं होतं. रत्नाबाई बहात्तर वर्षांच्या. त्या वरच्या मजल्यावर राहत. खाली चार खोल्या, लाल गुळगुळीत जमीन, पुढे रुंद ओसरी, आणि आतून वर जाणारा एक अरुंद जिना. हेमलतानं खोल्या पावलांनी मोजल्या, नळ सोडून पाहिले, सांडपाण्याचं झाकण उचलून पाहिलं. इतकी चांगली जागा तिच्या हाती तीन वर्षांत आली नव्हती. आठ दिवसांत देईन, ती म्हणाली. रत्नाबाईंनी तिला तळमजल्याची एक किल्ली दिली आणि चहाला वर नेलं.

"स्वल्प साखर कमी," हेमलता म्हणाली.

रत्नाबाई हसल्या. "थोडी म्हण, थोडी. तुझं मराठी ना, नारळाच्या तेलात परतल्यासारखं लागतं."

पहिल्या आठवड्यात तिनं दातांचे एक डॉक्टर आणले. ते गेल्यावर रत्नाबाई म्हणाल्या, की दिवसभर ते यंत्राचं घुर्रघुर्र खाली चालणार, मला नाही सोसायचं. ते खरंच होतं. मग हाडांचे डॉक्टर आणले. प्लॅस्टरनं मोऱ्या तुंबतील, असं हेमलतानंच काढलं, आणि रत्नाबाईंनी मान डोलावली. त्यानंतर कुणी डॉक्टर बसवनगुडीत जागा मागू लागला, की हेमलता त्याच्यातली खोट आधी शोधी. एकाचे रोगी फार. दुसऱ्याचा स्वभाव तापट. तिसऱ्याला ओसरीवर काचा लावायच्या होत्या. रत्नाबाईंकडे ती आठवड्यातून दोनदा जाई, मग तीनदा. काहीतरी सांगायला असायचंच. अमुक डॉक्टर कळवतो म्हणालेत, तमुक पुढच्या महिन्यात गावाहून येणार आहेत.

रत्नाबाईंनी कधी घाई केली नाही. थंडी पडली तशी गांधीबाजारात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागले. हेमलता येताना दोन किलो घेऊन येई, आणि दोघी वरच्या गॅलरीत बसून शेंगा सोलत. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला, की साल हातात राहते आणि डाळिंबी सुटून ताटात पडते. रत्नाबाई त्याची नगरकडची उसळ करत, गूळ आणि खोबरं घालून. इथली माणसं याचं सांबार करतात, हे त्यांना चाळीस वर्षांनंतरही पटलेलं नव्हतं. सोलता सोलता त्या बोलत. त्रिविक्रमराव दोन ओळींची चिठ्ठी लिहून प्रयोगशाळेत कसे निघून जात, आपण पहिली दोन वर्षं भाजीवालीशी नुसत्या खुणांनी कसं बोललो. हेमलता वडिलांचं सांगे. त्या अकरा वर्षांचं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. परतताना ती तोंडातल्या तोंडात नवे शब्द घोळवत येई. डाळिंबी. ओशाळणं. निगुती.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत डॉ. मैत्रेयी तिच्याकडे आली. बालरोगतज्ज्ञ, तिशीची, मूळची नागपूरची. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणून दोघं बंगळूरला आलेली. तिला बसवनगुडीतच, जुन्या घराचा तळमजला हवा होता. मुलं रडतात, आयांना ओसरीवर फेऱ्या मारायला जागा लागते, असं ती म्हणाली. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ बसणार होती. मालक म्हातारे असले तर अधूनमधून त्यांनाही बघेन, माझी आजी गावाकडे एकटीच असते, असंही बोलली. हे सगळं मराठीत.

हेमलतानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसवनगुडीत आत्ता काही नाही."

तिनं मैत्रेयीला बी.टी.एम. लेआउटमधल्या एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या मिळवून दिल्या. लिफ्ट होती, मोटारींना जागा होती. मैत्रेयीनं आभार मानले. त्या दिवशी संध्याकाळी हेमलता रत्नाबाईंकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा डोक्यात कुणी नवीन डॉक्टर आहे का, असं रत्नाबाईंनी सहज विचारलं. नाही, हेमलता म्हणाली. खोटं इतक्या सहज जिभेवर आलं, की तिलाच त्याचं नवल वाटलं.

एप्रिलात रत्नाबाईंच्या शेजारचं घर पाडलं. तिथे फ्लॅट होणार होते. सकाळी आठपासून काँक्रीट कालवायचं यंत्र सुरू होई आणि गल्लीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. एका गुरुवारी हेमलता अकरा वाजता येणार होती. पण होसकोट्याला उद्योगवसाहतीजवळ कुणाला नर्सिंग होम काढायचं होतं, त्या डॉक्टरांची गाडी सकाळीच दाराशी आली आणि ती त्यांच्याबरोबर गेली. जाण्याआधी तिनं रत्नाबाईंना फोन केला. कुणी उचलला नाही. देवपूजा करत असतील, असं तिला वाटलं. जागा बघून, जेवून परतायला उशीर झाला. रत्नाबाईंच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा साडेचार वाजले होते.

वरच्या दाराची घंटा वाजवून कुणी येईना. शेजारी यंत्र धडधडत होतं. तिनं तळमजल्याचं दार स्वतःजवळच्या किल्लीनं उघडलं आणि आतल्या जिन्यानं वर गेली. रत्नाबाई न्हाणीघराच्या उंबऱ्यात कुशीवर पडल्या होत्या. पातळ ओलं होऊन पुन्हा वाळलं होतं. डोळे उघडे होते. कामवाली नऊला गेली, त्यानंतर लगेच पाय घसरला होता. साडेसात तास त्या तशाच होत्या. पहिले दोन तास हाका मारल्या. मग घसा बसला.

"आलीस," त्या म्हणाल्या. "तू यायची आहेस, हे मला ठाऊक होतं. अकराचे बारा झाले, तरी ठाऊक होतं."

हेमलतानं त्यांना पाणी पाजलं, डोक्याखाली उशी दिली आणि डॉ. जयतीर्थांना फोन केला. त्यांनी रुग्णवाहिका पाठवली. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. श्रीरंग पुण्याहून विमानानं आला. पन्नाशीकडे झुकलेला, शांत, थकलेला माणूस. तुम्ही नसतात तर आई गेली असती, असं तो तिला दोन-तीनदा म्हणाला. प्रत्येक वेळी हेमलता खिडकीबाहेर पाहत राहिली.

इस्पितळात ती रोज जाई. वेणी घालून दे, मोसंबं सोलून दे, वडिलांच्या आजारपणात केलेलं सगळं हाताला आठवत होतं. पण मनात एकच हिशेब फिरत राही. मैत्रेयी नऊला आली असती. ओसरीवर आया असत्या, पोरं असती. वरच्या मजल्यावर कुणी पडलं तर त्यांना ऐकू आलं असतं. नसतं आलं, तरी बाई आज खाली दिसल्या नाहीत म्हणून कुणीतरी वर गेलं असतं.

मे महिन्यात श्रीरंगनं ठरवलं, की आईला पुण्याला न्यायचं आणि सबंध घर भाड्यानं द्यायचं. रक्त, क्ष-किरण, सोनोग्राफी असं सगळं एका छपराखाली करणाऱ्या केंद्रांना आता मोठी घरं हवी होती, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हे काम तुम्हीच करा, या घराची तुम्हाला सगळी माहिती आहे, असं तो हेमलताला म्हणाला. ती नाही म्हणू शकली नाही. आठवड्याभरात तिनं एक केंद्र आणलं. त्यांचा माणूस खोल्यांतून फिरत इंग्रजीत आपल्या सोबत्याला सांगत होता, की ही भिंत काढू, इथे शिशाचे पत्रे बसवू, ओसरीवर काचा लावून थंड हवेची सोय करू. वरच्या गॅलरीत नोंदणीचा काउंटर येईल. हेमलता पुढे पुढे दारं उघडत गेली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती रत्नाबाईंकडे गेली. श्रीरंग तिकिटांच्या कामाला बाहेर पडला होता. सामान बांधून झालं होतं. रत्नाबाई खुर्चीत बसल्या होत्या, चालायची चौकट शेजारी. हेमलता जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मैत्रेयी कोण, ती कधी आली होती, तिला काय हवं होतं. आधीच्या डॉक्टरांमध्ये आपण खोट कशी काढली. सांगताना तिचं मराठी अडखळलं, मधेमधे कानडी येत राहिली. रत्नाबाईंनी या वेळी ती दुरुस्त केली नाही.

"का पण?" त्यांनी विचारलं.

"भाडेकरू मिळाला असता तर माझं काम संपलं असतं."

रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

"संपलं असतं तर संपू द्यायचं," त्या म्हणाल्या. "मग नुसती आली नसतीस? माझ्याकडे यायला तुला काम कशाला लागत होतं?"

कुणाच्या घरी काम नसताना जाता येतं, हे हेमलताच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बाविसाव्या वर्षापासून ती जिथे जिथे गेली, तिथे कुणाच्या तरी उपयोगाला गेली होती. उपयोग संपला, की उठायचं. ती तशीच तिथे बसून राहिली. रत्नाबाईंचा राग गेला की नाही, ते तिला कळलं नाही. श्रीरंग आल्यावर तिनं रिक्षा ठरवून ठेवते म्हणून सांगितलं आणि निघाली. फाटकाशी आल्यावर तळमजल्याची किल्ली अजून आपल्याच पर्समध्ये आहे हे तिच्या लक्षात आलं, म्हणून पुन्हा वर जाऊन ती श्रीरंगच्या हातात ठेवली.

जूनमध्ये केंद्र सुरू झालं. तिला उद्घाटनाचं बोलावणं होतं. ती गेली नाही, आणि पुढे त्या गल्लीतून जायचंही टाळू लागली. त्या व्यवहाराचे पाकिटात आलेले पैसे तिनं हरीच्या मुलीच्या नावानं टपाल कचेरीत ठेवून दिले. ऑगस्टमध्ये धीर करून तिनं पुण्याला एक पत्र लिहिलं. शाळा सुटल्यापासून तिनं मराठीत पत्र लिहिलं नव्हतं. चार ओळी लिहायला दोन तास लागले. उत्तर आलं ते श्रीरंगच्या बायकोच्या अक्षरात. आई बऱ्या आहेत, घरातल्या घरात चालतात, तुमची आठवण काढतात. पुढच्या पत्राला उत्तर आलं नाही.

याच सुमारास कामही पातळ होत चाललं. विमानतळाच्या रस्त्याला, बेळ्ळंदूरच्या बाजूला होऊ घातलेल्या नव्या रस्त्याकडेला, मोठाल्या इस्पितळांच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. ती इस्पितळं डॉक्टरांना आपल्याच इमारतीत खोली देत. त्यासाठी कचेरीत टाय लावलेला माणूस असे, कॉम्प्युटरवर नकाशा दाखवणारा. पाणी, वीज, गाड्या, काउंटरवरची मुलगी, सगळं त्यांचंच. मैत्रेयीही बी.टी.एम.मधल्या खोल्या सोडून तशा एका इस्पितळात गेली. डॉ. जयतीर्थांनी मात्र मास्तरांचं घर सोडलं नाही. माझे रोगी म्हातारे आहेत, ते एवढ्या लांब कुठे येणार, असं ते म्हणायचे.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात हरीच्या मुलीचं लग्न झालं, म्हणून हेमलता उद्यान एक्स्प्रेसनं पुण्याला गेली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तिनं श्रीरंगचा पत्ता असलेलं पाकीट काढलं आणि कुणाला फारसं न सांगता कोथरूडला गेली. फोन करून जावं, असं वाटलं होतं. पण फोनवर कारण विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं.

दार श्रीरंगच्या बायकोनं उघडलं. तिनं ओळखलं नाही. हेमलतानं नाव सांगितल्यावर आत घेतलं. रत्नाबाई आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. फार बारीक झाल्या होत्या. अलीकडे त्यांना माणसं पटकन लक्षात येत नाहीत, असं सुनेनं हळूच सांगून ठेवलं होतं. त्या हेमलताकडे बघत राहिल्या, मग पलंगावर हात आपटून तिला जवळ बसवून घेतलं.

"ही हेमलता," त्या सुनेला म्हणाल्या. "बंगळूरला आपल्याकडे यायची."

सुनेनं चहा केला. काय काम काढलंत, असं तिनं सहज विचारलं. काही काम नाही, बसायला आले, हेमलता म्हणाली, आणि हे वाक्य तिला उच्चारायला जड गेलं. ती तासभर बसली. रत्नाबाई बहुतेक वेळ गप्प होत्या. मधेच त्यांनी शेंगा आल्या का बाजारात, असं विचारलं. आल्यात, हेमलता म्हणाली. इथे मिळतो त्याला वाल म्हणतात पण ती चव नाही, असं रत्नाबाई म्हणाल्या. मग त्यांना झोप लागली. हेमलतानं त्यांच्या पायांवर शाल सारखी केली आणि सुनेचा निरोप घेऊन बाहेर पडली.

रत्नाबाई पुढल्या उन्हाळ्यात गेल्या. कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

हेमलता पुढेही हनुमंतनगरच्या घरीच राहिली. फोन महिन्यातून एखाददुसरा येई. होसकोट्याच्या त्या डॉक्टरांचं नर्सिंग होम सुरू झालं होतं आणि परिचारिकांना राहायला घरं बघून द्याल का, असं त्यांनी विचारलं होतं. ती बघून देत होती. मुली केरळच्या, मंगळूरच्या, कुणाला कुणाची भाषा येत नसे. घर लावून झालं की आठ-पंधरा दिवसांनी हेमलता बसनं होसकोट्याला जाई. पाण्याची चौकशी ती आता करत नसे. मुली कामावर असल्या तर पायरीवर बसून वाट बघे. कधी त्या येत, कधी पाळी बदललेली असे आणि येत नसत. मग संध्याकाळच्या साडेपाचच्या बसनं ती परत फिरे.